तेविसावं पान

पाळक जाधवांनी सरुबाई मोरेला फसवलं. सांगलीहून आलेल्या इन्स्पेक्टरनं त्यांना हात दिला, आणि पंचकमिटीचे पाच जण पहिल्या बाकावर बसून बघत राहिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी शेवटी आळ घेतला.

मी त्या चर्चच्या प्रौढ वर्गाची शिक्षिका होते. उंब्रजच्या अलीकडे, मोटाररस्त्याला लागून गाव. मंडळीतली बहुतेक माणसं दुसऱ्यांच्या शेतावर राबणारी. लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर, त्यामुळे वर्ग दिवस मावळायच्या आत उरकायचा. अर्धा वेळ अक्षरओळख, अर्धा वेळ शास्त्राचे धडे. मोठ्या माणसांनी शास्त्र स्वतः वाचावं, पाळकाच्या तोंडाकडे बघत बसू नये, हा वर्गाचा उद्देश. निदान कागदावर तरी.

माझी आई रस्त्यावर खडी फोडायची. व्हर्नाक्युलर फायनल मी स्वतःच्या हिमतीवर पास झाले. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही, तर नोकरी कशी घेईन? पहिल्याच भेटीत पाळकांना अटी सांगितल्या.

"बारापेक्षा जास्त माणसं एका वर्गात घेणार नाही."

"मान्य."

"पाठ करून घेणार नाही. वाचायलाच शिकवणार."

"मान्य, मान्य."

"आणि कुणाचा नातेवाईक आहे म्हणून कुणाला पुढे ढकलणार नाही."

"अहो बाई, देवाच्या घरात नातेवाईक कसले? मान्य!"

तिन्ही अटी त्यांनी उभ्या उभ्या कबूल केल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. समोरचा माणूस एकदाही हुज्जत घालत नाही, याचा अर्थ त्याचा नफा दुसरीकडे कुठे तरी ठरलेला असतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. अक्षर न येणाऱ्या मोठ्या माणसाची आठवण फार पक्की असते. एखादा धडा दोनदा ऐकला की तो घडाघडा म्हणतो, आणि ओळीवर बोटही फिरवतो. बघणाऱ्याला वाटतं, वाचतोय. यावर उपाय म्हणून आम्ही पोस्टकार्डाला मधोमध एक चौकोन कापतो. त्याला खिडकी म्हणायचं. खिडकी पानावर ठेवली की एकच शब्द दिसतो. मग ती कुठेही सरकवायची, खाली, वर, मागे. पाठ केलेला माणूस पहिल्या सरकवण्यालाच गप्प होतो.

सरुबाई आठ महिन्यांत खिडकीतून वाचायला लागली. चाळिशीची विधवा, दिवसभर शेतात भांगलण करून, तण उपटून यायची. तोंडाची माझ्याइतकीच तिखट. म्हणायची, "आवं बाई, ह्यो 'ळ' म्हंजी वेटोळं घालून बसल्याला नाग हाय. ह्येला बघूनच पाय मागं येतोय." पण आली की कधी मागे फिरली नाही. वाचायची हळू, बोट ठेवून, पण जे छापलंय तेच. मी तिला एकच नियम घोटून दिला होता: पानावर नाही ते वाचायचं नाही.

तेवढ्यात मिशनच्या सांगलीच्या ऑफिसातून पत्र आलं. एक बायबल बाई नेमायची आहे. म्हणजे गावोगाव जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी बाई. राहायला खोली, आणि बांधावरच्या मुकादमाच्या शिव्या कायमच्या बंद. वर्गातली सर्वांत चांगली वाचणारी बाई परीक्षा घेऊन निवडायची. सरुबाईनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. पाव तास लागला. मग म्हणाली, "ह्यो माजा पाट हाय, बाई. दुसऱ्या कुनाला बसू द्याची न्हाई."

दुसरी एकच उमेदवार होती, मार्थाबाई. पाळकांची मेहुणी. वर्गात एकंदर चार वेळा आली, त्यातल्या दोन वेळा भिंतीला टेकून झोपली. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पाळकांनी जाहीर केलं की मार्थाबाईंची तयारी ते घरीच करून घेतील. कसली तयारी, ते मला रविवारी कळलं.

इन्स्पेक्टरसाहेब उपासना संपल्यावर पाळकांच्या घरी कोंबडी जेवून आले. हातात घड्याळ. धडा कोणता? बारावा, पेरणाऱ्याचा. "पाळकसाहेबांनी सुचवला," ते हसत म्हणाले, "शेतकऱ्यांना जवळचा." पुस्तकही पाळकांनीच दिलं. वर्गाची पुस्तकं हाताळून फाटलेली, म्हणून कपाटातली कोरी प्रत काढली. ती प्रत पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली असायची. छापखान्यातून आल्यापासून तिच्यातली एक ओळ कुणी वाचलेली नव्हती.

मार्थाबाई उभी राहिली. डावं पान, उजवं पान, बोट झरझर फिरतंय, आवाज खणखणीत. वाटेवर पडलेलं बी, खडकावर पडलेलं, काट्यांत पडलेलं, चांगल्या जमिनीतलं. कुठे अडखळ नाही. साहेबांनी घड्याळ मिटलं. "उत्तम!"

सरुबाई उभी राहिली. बोट ठेवून, एकेक शब्द. डाव्या पानाच्या तळाशी पोचली. बोट उजव्या पानावर गेलं आणि थांबलं. तिनं डावं पान अंगठ्यानं चोळून बघितलं, दोन पानं चिकटलीत का म्हणून. परत उजव्या पानाकडे बघितलं.

"साहेब, ह्यातलं पान गेलंय."

"वाचा बाई, वाचा. वेळ चाललाय."

"काय वाचू? बी काट्यात पडलं, हितवर हाय. फुडं एकदम राजाची मानसं जेवनाचं आवतान द्याला निघाल्यात. मग त्या पिकाचं काय झालं?"

बाकांवर हशा पिकला. पाळक कळवळून म्हणाले, "घाबरली बिचारी. साहेबांसमोर उभं राहायची सवय नाही."

"घाबराया काय झालंय? न्हाई त्ये न्हाई म्हनते."

साहेबांनी लिहिलं: मध्येच थांबली.

मी उठले आणि पुस्तक तिच्या हातातून घेतलं. डावीकडे पान बावीस, उजवीकडे पंचवीस. मधलं तेवीस-चोवीस बांधणीतच राहून गेलं होतं. मी ते साहेबांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हो, दोष आहे खरा. पण मार्थाबाईंना काही अडचण आली नाही."

"तेच तर सांगतेय! नसलेलं पान तिनं वाचलं कसं?"

"बाई, आवाज खाली."

"आवाजाचं सोडा. ही घ्या खिडकी. दोघींना लावा. पाच मिनिटांत निकाल लागतो."

साहेबांनी पाळकांकडे बघितलं. पाळकांनी छताकडे बघितलं. मग साहेब म्हणाले की निकाल शाईनं लिहिला गेलाय, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, आणि सांगलीची मोटार चारला आहे. माणूस नापास झाला तरी चालतो, फॉर्म स्वच्छ पाहिजे! पंचकमिटीच्या पाचांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्यातले दोघे माझ्याच वर्गात वाचायला शिकलेले. बावीसनंतर पंचवीस येत नाही, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

ती पेरणाऱ्याची गोष्ट सरुबाईला ठाऊक नव्हती असं नाही. वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ती खुशाल तोंडपाठ म्हणू शकली असती. माझ्या नियमानं तिला थांबवलं.

मी तक्रार केली. आठवड्यानंतर सांगलीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मोठ्या साहेबांनी पुस्तक आधीच मागवून घेतलं होतं. माझ्यापुढे उघडून ठेवलं.

"हे बघा बाई. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. पान आहे."

पान होतं. सगळं पुस्तक पांढरं शुभ्र, आणि हे एकच पान तपकिरी. प्रत्येक ओळीखाली बोट फिरून फिरून मळलेलं. कडेला खळीचा पांढरा ओघळ तसाच सुकलेला.

"हे चिकटवलंय," मी म्हटलं. "वर्गातल्या पुस्तकातलं काढून. हे डाग बघा."

"वापरानं डाग पडतात."

"एकाच पानाला?"

"तुम्ही फार चिडलेल्या आहात. शांतपणे प्रार्थना करा."

मी त्यांना सांगितलं की प्रार्थना करीन, पण आधी या पानाचं उत्तर द्या. त्यांनी शिपायाला बोलावलं.

परत आल्यावर मी वर्गाची सगळी पुस्तकं चाळली. तेविसावं पान सरुबाईच्या पुस्तकातून काढलेलं होतं. तिच्या हातानं वाचलेलं पान तिच्याचविरुद्ध पुरावा म्हणून लावलं होतं. म्हणजे पाळकांना सगळं माहीत होतं. ज्याला चूक माहीत नसते तो खळ शोधत नाही.

मार्थाबाईची नेमणूक झाली. तिला फलटणकडची गावं दिली. ती जिथे जाई तिथे बारावा धडाच वाचून दाखवी. तिकडच्या बाया म्हणायच्या, "ह्या बाईच्या पुस्तकात बारा म्हैनं पेरनीच चाललीया. काडनी कवा हाय?" पाळकांना पुढे मोठी मंडळी, म्हणजे मोठं चर्च मिळालं. माझ्या हातात पत्र पडलं की वर्ग तूर्त बंद करण्यात येत आहे.

सरुबाई मला ओढ्याकाठी भेटली. डोक्यावर भारा. मी काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं, "बाई, मी थांबले न्हसते तर?"

"तर तुला खोली मिळाली असती."

"आन मग मी वाचलं असतं का म्हनलं असतं?"

ती भारा सावरून पुढे गेली. त्यानंतर तिला कुणी वाचताना बघितलं नाही.

शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. शिकवण्याच्या अटी घालताना परीक्षेच्या अटी आधी घाला. पुस्तक कोणाचं, धडा कोण काढणार, जेवण कोणाकडे. मी तिन्ही विसरले.

पाळक गेले. इन्स्पेक्टरही गेले. पण त्या पाचांतले दोघे अजून हयात आहेत आणि दर रविवारी पहिल्याच बाकावर बसतात. कपाटाची किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे असायची. तर मी त्या दोघांना विचारते: सरुबाईच्या पुस्तकातलं पान कुणी काढलं, आणि खळ कुणी लावली? मला सांगू नका. ती गावातच आहे, चर्चच्या मागच्या आळीत. तिच्या दारात जा, आणि तिला सांगा.