कललेली तोमे

तोमेला गावात कुणी सरळ बाई म्हटलं नसतं. लग्नात नवरीने मान खाली घालून बसायचं, तर ही सासूला लोणच्यात मीठ कमी पडलंय म्हणून सांगत होती. पण तिच्या वाकडेपणाला नाव मिळालं ते त्या वर्षीच्या नाटकात.

भातकापणी उरकली की देवळापुढच्या लाकडी मंचावर गावाचं काबुकी व्हायचं. नटायचे सगळे पुरुषच. बायकांनी पोशाख शिवायचे, चेहरे रंगवायचे आणि खाली बसून डोळे पुसायचे. राजकन्या व्हायचा तोमेचा मोठा दीर गेन्झो. हात फावड्यासारखे, आवाज रेड्यासारखा, पण किमोनोत शिरला की लाजायचा मोठा छान.

तोमेचा नवरा यासुजी बंडखोर सामुराई करायचा. वसंतात तो गेला, आणि गेन्झोने ठरवून टाकलं, यंदा सामुराईचा प्रवेश गाळायचा.

नाटकाच्या दिवशी तोमे गेन्झोला रंगवायला बसली. तोंड पांढरंशुभ्र झालं, मान तेवढी राहिली, आणि तिने कुंचला खाली ठेवला.

"भावजी, तो प्रवेश मी करते."

"मान रंगव आधी. लोक येऊन बसलेत."

"सगळा पाठ आहे मला. चिखलात लावणी करताना त्यांच्याबरोबर मीच तर म्हणायचे."

"यासुजीसाठी म्हणतेस होय? उदबत्ती लाव त्याच्यापुढे, पोचेल त्याला."

"त्यांच्यासाठी नाही. मला करायचंय."

गेन्झोने कपाळाला हात लावला, तो पांढरा झाला. "बाई मंचावर? पार कललीस तू. काबुकु म्हणतात ते हेच."

कोपऱ्यात देवळाचे म्हातारे पुजारी एन्काई चहा पीत बसले होते. ते हसले.

"शब्द बरोबर काढलास गेन्झो. पूर्वी एका अंगाला झुकण्याला काबुकु म्हणायचे. मग क्योतोच्या रस्त्यांतून भडक कपडे घालून, लांबलचक तलवारी मिरवत, कुणाचं न ऐकता फिरणाऱ्या पोरांना म्हणायला लागले. पुढे एका बाईने त्या पोरांसारखा वेश केला, कमरेला तलवार लावली आणि नदीकाठी नाचली. ते नाव तिच्या नाचाला चिकटलं, तेच आपलं काबुकी. बायकांना बंदी सरकारने नंतर घातली."

"अजून आहे बंदी?" तोमेने विचारलं.

"कधीच उठली. आपल्या गावाला कुणी कळवलं नसेल."

"महाराज, चहा निवतोय," गेन्झो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही दाढी करून राजकन्या झालात की सगळं सरळ," तोमे म्हणाली, "आणि मी तलवार घेतली की कललं. मग मान तुमची तुम्हीच रंगवा."

आपल्या मानेची मागची बाजू कुणाला दिसते? आणि राजकन्येचं सगळं रूप तर मानेतच. बाहेर ढोल वाजला. गेन्झो आरशापुढे वळवळला, मग म्हणाला, "कर बाई. लोक हसले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"नाही येणार."

लोक हसलेच. यासुजीचा पोशाख तिच्या पायांत येत होता, टोप भुवयांवर उतरला होता. मध्येच एक वाक्य ती साफ विसरली. तेवढ्यात पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "तोमे, घरी जा, भात करपला."

ती सावकाश वळली. सामुराईच्याच आवाजात म्हणाली, "करपू दे. तू खरवडून खा."

मग तिने दाणकन पाय आपटला, तलवार उचलली, डोळे वटारले आणि थिजून उभी राहिली. इथे बघणाऱ्यांनी नटाच्या घराण्याचं नाव पुकारायचं असतं, त्यानंतरच नट हलतो. कुणी पुकारेना. घामाने रंग ओघळायला लागला. "उतर आता," आडोशातून राजकन्या कुजबुजली. तोमेने पापणीसुद्धा हलवली नाही.

शेवटी हाक आली ती बायकांच्या बाजूने. बायकांनी हाक द्यायची नसते. "यामानेया," एकीने यासुजीच्या घराण्याची हाक दिली, मग दुसरीने, मग सगळ्याच सुटल्या. पुरुष माना वळवून बघायला लागले.

तोमे तरीही हलली नाही. तिने आणखी जरा ताटकळवलं त्यांना.