दोन वर्षं एकच सूर

सनईत थुंकी साचते तसे आमच्या पथकात किस्से साचतात. अधूनमधून झटकले नाहीत तर वाजवणं अवघड होतं! वाईट एवढंच, की झटकले की बहुतेक माझ्याच अंगावर उडतात.

नांदेडचं आमचं पथक तिघांचं. सनईवर सत्तरीचे अण्णा, चौघड्यावर दत्ताभाऊ आणि सूर धरायला मी, एमएस्सी फिजिक्स. म्हणजे अण्णा मन लावून सनई वाजवणार आणि मी शेजारी दुसऱ्या सनईवर एकच स्वर न तोडता धरणार. दोन वर्षं तेच! मला खरी सनई वाजवायचीय आणि अण्णांना कसलीच घाई नाही.

पहिल्याच दिवशी मी अण्णांना ध्वनिलहरी समजावल्या. वहीत आकृत्या काढून, वीस मिनिटं!

"झालं? आता फुंक."

जीव खाऊन फुंकलं. सनईतून काही आलं नाही, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दत्ताभाऊ म्हणाले, "अण्णा, ताईच्या लहरी वरून निघून राहिल्या!"

मग मला वाटलं, दोष पत्तीचा. पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवलेली दोन पातळ पात्यांची जीभ, ती ओठांत धरून फुंकायचं. एका परदेशी बाईचा व्हिडिओ पाहून मी नखांच्या कानशीनं पत्ती घासली. माझी एक आणि उत्साहाच्या भरात अण्णांच्या चार!

अण्णांनी एकेक उजेडात धरून पाहिली. "नखं लई छान झाली असती पोरी. आता वाजवायचं कशानं?"

दम न तोडण्याची युक्ती अशी: गालात हवा भरायची आणि ती सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा. मी लातूरच्या एसटीत सराव सुरू केला. गाल फुगवलेले, डोळे बाहेर. शेजारच्या आजी झटकन उठल्या, मला खिडकीत ढकललं आणि हातात लिंबू कोंबलं. कंडक्टर ओरडला, "गाडी थांबवा, ताईला उलटी व्हायला लागली!"

शेवटी मी भडकले. "अण्णा, हा सूर कुणी ऐकतं तरी का? मधेच सोडला तरी कुणाला कळणार नाही!"

"मग सोड की उद्या लातूरच्या लग्नात. कुणाला कळलं न्हाई तर पुढच्या लग्नाला सनई तुझी."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, मांडव गच्च भरलेला. नवरी स्टेजकडे निघाली आणि मी सूर सोडला. अण्णा डोळे मिटून वाजवत राहिले. फोटोग्राफर ढिम्म. पाहुणे गप्पांत. नवरी चालतच होती. मी दत्ताभाऊंकडे पाहून भुवई उडवली. जिंकले!

तेवढ्यात मांडवामागून आचारी झारा घेऊनच धावत आला.

"ओ, लाईट गेली काय? ते घूं एकदम बंद पडलं!"

डोक्यावर पंखे गरगर फिरत होते.