अडाणच्या पुलावरून बसून

आम्हा रेल्वेवेड्यांची जात मोठी विचित्र. धडधाकट धावणाऱ्या गाडीकडे आम्ही ढुंकून बघणार नाही, पण एखादी गाडी बंद पडली की गळ्यात कॅमेरे अडकवून हजर. माझे यजमान म्हणतात, "तुम्ही लोक आजारपणात भेटायला येत नाही आणि तेरवीला पहिल्या पंगतीत बसता." त्यांचं बोलणं मी कानाआड करते, कारण ते खरं आहे.

यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी आमची अरुंद रुळांची शकुंतला बंद झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. रुळांवर बाभळी उगवल्या, स्टेशनांच्या ओट्यांवर बकऱ्या बसू लागल्या. लवकरच रूळही उचलणार, असं ऐकलं आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. पुण्याहून आलेला अक्षय आणि मी, असे आम्ही दोघं वेडे मग बोरी अरबला गेलो. तिथं अडाण नदीवर पूल आहे, पुलाच्या तोंडाशी फाटक आहे आणि फाटकाला लागून एक जुना सिग्नल अजून उभा आहे.

काय तो सिग्नल! उंच लोखंडी खांब, वर आडवा लाल हात, पायथ्याशी तो हात पाडायचा दांडा. खांबावरच्या पट्टीत विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव ओतलेलं. रंग कधीच उडून गेलाय, पण अक्षरं बोटाला लागतात. मी त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले. कुठल्या माणसांनी हे ओतलं असेल, कुठल्या जहाजातून आलं असेल, कुठल्या बैलांनी इथवर ओढलं असेल!

"हात पुसा मॅडम," मागून आवाज आला. "आत्ताच तेल देल्लं त्याले."

हे पंजाबराव. वाळलेल्या अंगाचे, पांढऱ्या मिशीचे, हातात तेलाची डबी. शकुंतलेचे गेटमन होते. गाडी त्यांच्याआधीच रिटायर झाली, तरी दर आठवड्याला येऊन ते सिग्नलला तेल देत.

त्यांचं काम ऐकलं आणि मी सिग्नल विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. या मार्गावर प्रत्येक फाटकाला वेगळा माणूस नव्हता. गेटमन गाडीतच बसलेला. फाटक आलं की गाडी थांबायची. पंजाबराव उतरायचे, फाटकाची दोन्ही पाखं ओढून लावायचे, दांडा खेचायचे. सिग्नलचा हात पडला की गाडी फाटकातून पुढं जाऊन पुन्हा उभी राहायची. मग हे फाटक उघडणार, हात वर करणार आणि धावत जाऊन गाडीत चढणार. पुढच्या फाटकाला पुन्हा तेच. अशी सगळी नोकरी.

पण इथं फाटकाला लागूनच पूल. पुलावर गाडी उभी करायची नाही, असा नियम. म्हणून गाडी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर थांबायची आणि पंजाबराव मागून रुळांखालच्या आडव्या स्लीपरांवर पाय टाकत, नदीवरून चालत यायचे. उन्हात, पावसात, खाली अडाण दुथडी भरून वाहत असताना. मी पुलाकडे पाहिलं. दोन स्लीपरांच्या मधून सरळ पाणी दिसत होतं.

"म्हणजे काका, तुम्ही पुलावरून गाडीत बसून कधीच गेला नाहीत?"

"कदीच नाही." ते हसले. "मले येकडाव जाचं हाय पुलावरून. बसून. लोकं कशे जाये, तसं. बाकी काई इच्छा नाही राह्यली."

त्यांच्या पत्नी हंसाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अख्ख्या बोरीनं पुलावरून नदी पाह्यली. माह्या बकरीनंबी पाह्यली गाडीतून. येक हेच राह्यले."

आणि मग त्यांनी यांची फजिती सांगितली. एकदा पुतण्याच्या लग्नाला हे रजा घेऊन, नवे कपडे घालून वऱ्हाडी म्हणून गाडीत बसले. बदली गेटमन होता. फाटकाशी गाडी थांबली मात्र, हे सवयीनं खाली! एक पाख बदली गेटमननं लावलं, दुसरं यांनी. गाडी गेली पलीकडे. दोघं गेटमन पुढंमागं पुलावरून चालत आले आणि सगळं वऱ्हाड खिडकीतून हसत होतं.

"बुड टेकूनच राह्यलं नाही तं म्या काय करू," पंजाबराव म्हणाले.

ते ऐकून मी आणि अक्षय पेटलोच. बोरीच्या स्टेशनात रूळ तपासायची एक जुनी ढकलट्रॉली पडून होती. वर बाक असलेली, मागून दोघांनी ढकलायची. अर्जविनंत्या करून आम्ही तिच्यावरून एकदा जायची परवानगी मिळवली. गावातल्या पोरांनी स्टेशनापासून पुलापलीकडच्या पहिल्या वळणापर्यंत झुडपं तोडली, फाटकाच्या रस्त्यात मातीनं बुजलेले रूळ मोकळे केले. रूळ उचलायच्या आत पंजाबरावांना पुलावरून बसून न्यायचं, एवढं एकच आता आमच्या डोक्यात होतं.

त्या दिवशी सकाळी पंजाबराव इस्त्रीचा सदरा घालून बाकाच्या मधोमध बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अक्षय. मागून रेल्वेचे दोन जुने ट्रॉलीवाले ढकलताहेत. गाव फाटकाशी जमलेलं, हंसाबाई त्यांतच. ट्रॉली फाटकाजवळ आली आणि पंजाबरावांनी हात वर केला.

"थांबवा. फाटक उघडं हाय. सिग्नल पडला नाही."

"काका, आज कोण येतंय? जाऊ द्या ना," अक्षय म्हणाला.

"उघड्या फाटकातून नाही नेत गाडी."

रस्त्यावर सोयाबीनची पोती लादलेला एक ऑटो खरंच येत होता. अक्षय उडी मारून उतरला, पाखं ओढून लावली आणि दांड्याला भिडला. दांडा काही केल्या हलेना. तो लोंबकळला, लाल झाला; वर सिग्नलचा हात ढिम्म.

"सरक," म्हणून पंजाबरावांनी पाय खाली सोडला. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. एवढा खटाटोप करून हा माणूस पुन्हा चालतच येणार!

तेवढ्यात हंसाबाई पुढे झाल्या. "बसा जी तुमी," म्हणाल्या. मागं एकदा पंजाबरावांचा खांदा निखळला होता, तेव्हा पावसाळाभर गाडीच्या वेळेला फाटकाशी येऊन दांडा त्यांनीच ओढला होता. त्यांनी पदर खोचला, दांडा आधी थोडा पुढं रेटला आणि मग अंग मागं टाकून खेचला. करकर करत लाल हात खाली पडला.

पंजाबरावांनी पाय वर घेतला. "तू इकडंच थांब," ते म्हणाले. गाडीतून कितीदाही गेल्या असतील, पण पुलावर पाऊल ठेवायचं म्हटलं की हंसाबाई मागं फिरायच्या, हे सगळ्या बोरीला ठाऊक होतं.

"काहून? गेटमनले घेतल्याबिगर गाडी जात नाही, तुमीच सांगता ना? तिकडं थांबा. येतो मी."

अक्षय परत बसला आणि ट्रॉली पुलावर चढली. रुळांचा आवाज बदलला, खालून नदीचा गारवा आला. दोन्ही बाजूंना उघडी अडाण, पाण्यावर ऊन, खडकांवर बगळे. मी पंजाबरावांकडे बघितलं. ते बाकावर पूर्ण मागं वळून बसले होते.

पलीकडच्या काठावर ट्रॉली थांबली. मागं हंसाबाईंनी फाटक उघडलं, ऑटो जाऊ दिला, सिग्नलचा हात वर केला. मग पुलाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. मग लुगडं गुडघ्याशी धरून त्यांनी पहिल्या स्लीपरवर पाय टाकला.

मी उठले. "काका, मी जाऊन हात धरू का त्यांचा?"

"नाही. आवाजबी नका देऊ. ध्यान हललं का पाय चुकते."

त्या येत राहिल्या. एका स्लीपरवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढचा. मधेच थांबायच्या, ओठ घट्ट मिटायच्या, पुन्हा निघायच्या. अक्षयचा कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. जुन्या लोखंडापुढं मी आजवर पुष्कळदा थक्क झाले आहे, पण त्या पुलावर ती एवढीशी बाई चालत येताना पाहून जे वाटलं, ते मला कधीच वाटलं नव्हतं.

पंजाबराव बाकावरून उतरून पुलाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले होते.

"मी तं खाली पाहून चालो," ते हळूच म्हणाले. "गाडीतले लोकं असे पाहत असतीन काय मॅडम, माह्याकडं?"

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

शेवटच्या स्लीपरवरून हंसाबाईंनी हात पुढं केला, तो पंजाबरावांनी धरला.

"पाह्यली नदी?" तिनं विचारलं.

"नाही पाह्यली."

"मंग इतक्या दूर काय पाहत आले जी?"

त्यांनी तिला बाकावर मधोमध बसवलं आणि स्वतः कडेला टेकले. डोळे पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"चला आता," ते ट्रॉलीवाल्यांना म्हणाले. "गेटमन बसली."