बिशानहून लाइपझिग, पायी

लाइपझिगला मी अजून गेलेली नाही, पण त्या शहरात वर्षभर रोज दुपारी फिरले. सिंगापुरात, बिशानच्या फ्लॅटमध्ये, पंखा पाचवर ठेवून, कॉम्प्युटरच्या नकाशातले रस्त्यांचे फोटो एकामागून एक सरकवत. नवरा जहाजावर इंजिनियर, महिनोन्‌महिने समुद्रात. लेक कॉलेजातून आली की थेट व्हायोलिन काढायची. लाइपझिगचं, जर्मनीतलं सर्वांत जुनं संगीत विद्यालय तिच्या डोक्यात बसलं होतं. "तिथे मिळालं तर जाईन, नाहीतर इथेच राहीन, कॅन लाह," ती म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'. तिला मिळावं असं मला वाटायचं. मिळू नये असंही वाटायचं, आणि दोन्ही अगदी मनापासून.

नकाशातल्या त्या शहरात कायम हिवाळा. राखी आकाश, थांब्यावर उभी असलेली आणि कधीच न सुटणारी ट्राम, एकही पान नसलेली झाडं. सिंगापूरला झाड कधी असं उघडं पडत नाही, त्यामुळे मी त्या फांद्यांवर भाळलेच. त्यांच्यातून विद्यालयाची दगडी भिंत दुरूनच दिसायची. पायऱ्यांवर एक मुलगी बसलेली, पाठीला व्हायोलिनची पेटी, चेहरा नकाशावाल्यांनी पुसट केलेला. पुसट चेहऱ्यावर काय, हवा तो चेहरा बसवावा. मी माझ्या लेकीचा बसवला. आतल्या खोलीतून लेकीचं व्हायोलिन ऐकू यायचं, समोर ती पायऱ्यांवर बसलेली दिसायची, आणि मला खरोखर थंडी वाजायची. मी उठून पंखा कमी करायचे.

जूनमध्ये प्रवेशपरीक्षेचं बोलावणं आलं. तिच्याबरोबर जायची माझी फार इच्छा होती. पण तिलाच मी नको होते.

परीक्षेच्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ, इथे दुपार. परीक्षेला निघताना तळहातावर दही घ्यायचं, ही आमच्या घरची सक्ती. आदल्या दिवशी दुकानातले डबे मी फोनवर बघून, मोठ्या अधिकाराने, त्यांतला एक निवडला होता.

"आई, हे चमच्यातून पडतच नाहीये."

तो चक्का होता. घट्ट, पाण्याचा टिपूसही नसलेला.

"श्रीखंड करू का आधी?" ती म्हणाली.

"चाट आणि नीघ," मी म्हणाले.

ती रस्त्यावर आली तशी मी वाट सांगायला लागले. वर्षभर रोज चाललेली वाट, डोळे मिटूनही सांगितली असती. बेकरीवरून डावीकडे, मग झाडांमधून भिंत दिसेल.

"आई, इथे सगळं ग्रीन आहे. भिंत दिसतच नाही."

झाडांना पानं फुटली असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभराचं मुसळ केरात. तिचा चेहरा रडवेला झाला, वेळ जात होता.

"थांब, ऐक," ती म्हणाली आणि तिने फोन उंच धरला. पानांमागे कुठेतरी खिडक्या उघड्या असाव्यात. कुणी व्हायोलिन घासत होतं, कुणी पियानोवर तेच ते चार सूर परत परत, कुणी गळा तापवत होतं. नुसता गोंधळ. माझ्या नकाशातल्या शहरात वर्षभर एक आवाज नव्हता.

"आवाजाच्या मागे जाते," ती म्हणाली. तिची पावलं भराभर पडायला लागली आणि फोन बंद झाला. अच्छा म्हणायचं ती विसरली.

तिला प्रवेश मिळाला. मी खूप आनंदले आणि मोरीत जाऊन रडले. निघताना चांगी विमानतळावर घरचं दही डब्यातून नेलं होतं, पातळ, तळहातावरून ओघळणारं.

पुढे एका दुपारी, करमेना म्हणून, तिला भेटायला नकाशात गेले. फोटो बदलले होते. झाडं हिरवीगार, ट्राम सुटून गेलेली, पायऱ्या रिकाम्या. वर्षभर तिथे बसलेली माझी मुलगी उठून गेली होती. मी तिला कोपऱ्यावर शोधलं, थांब्यावर शोधलं, बेकरीच्या दारात शोधलं. मग आठवलं, तिथे आता सकाळ आहे, ती आत असेल, तास चालू असेल. नकाशा दारापर्यंतच जातो. मीही तिथेच थांबले, चहाची वेळ होईपर्यंत.