कमानीखालचा छत्रीवाला

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून तर मी सरळ माणसावर संशय घेतला…

मस्कतला, गाला भागातल्या एका इंटिरियर फर्ममध्ये मी ड्राफ्ट्समन आहे. भिंतीची उंची कळावी म्हणून ड्रॉइंगमध्ये एक छोटा माणूस काढायची आमच्यात पद्धत असते. माझा माणूस ठरलेला – पाठमोरा, सदऱ्याच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेला. माझे वडील गुहागरला असेच शेतावर जात. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. नझीरभाई तर रोज विचारायचे, "काय सुधाकर, आज बाबा कुठल्या मॉलात?"

नझीरभाई श्रीवर्धनचे, आमच्याकडे प्रिंटिंग बघायचे. गेल्या वर्षी निझवाच्या एका गेस्ट हाऊसचं काम आलं. मालकाकडे अठराव्या शतकातलं एक इटालियन चित्र होतं – रोमन अवशेषांचं. पडक्या कमानी, मोडके खांब, आणि गंमत म्हणजे असे अवशेष कुठेच नाहीत, सगळे चित्रकाराच्या मनातले. ते मोठं करून जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर लावायचं होतं. मालकाने स्कॅन पाठवला. नझीरभाईंनी डाग काढून प्रिंट मारली.

भिंतीवर चढवल्यावर मला दिसलं… मधल्या कमानीखाली एक पाठमोरा माणूस. कॉलरला छत्री.

वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"नझीरभाई, थट्टेला काही मर्यादा?"

"अल्लाची शपथ, मी फक्त डाग काढले. मूळ फाईल उघडून बघ ना!"

मी उघडली नाही. सरळ अर्बाबकडे, म्हणजे आमच्या ओमानी बॉसकडे गेलो. क्लायंटच्या चित्रात फेरफार म्हटल्यावर तो एकच शब्द बोलला – "खलास." नोकरी गेली आणि महिन्याभरात नझीरभाई गावी परतले. तो माणूस पुसून मी नवीन प्रिंट लावून घेतली. स्वतःच्या हाताने पुसला.

काम ताब्यात देताना म्हातारा मालक कमानीपाशी थबकला. "वो छत्रीवाला आदमी किधर गया?"

मला आत घेऊन गेला. काचेमागे मूळ चित्र, पिवळा पडलेला कागद, आणि कमानीखाली तोच, जुन्या शाईतला. त्याच्या वडिलांनी चित्र घेतलं तेव्हापासून तो तिथे होता म्हणे. मी ते चित्र त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि छत्री अशी अडकवणारा माणूस मी कोकणाबाहेर कुठे पाहिलेला नाही.

त्याच संध्याकाळी नझीरभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. अर्बाबशी बोलतो म्हणालो.

"नको. मी इथे छोटं दुकान टाकलंय," ते म्हणाले. "पण आता संशय कुणावर घेणार रे, सुधाकर?"

त्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये माणूस काढणं मी सोडलंय.