चौथ्या फेरीचे लाडू

दोन हजार चोवीस साल. संक्रांत तोंडावर आलेली, मुंबईत पडते तेवढी थंडी पडलेली. तेव्हा मी काय करून बसलो ते सांगतो. हसू येईल. हसा, पण एकदाच.

माझी नात मानसी सॉफ्टवेअरवाली. पावसाळ्यात कंपनीने माणसं कमी केली, तेव्हापासून घरी. नव्या कंपनीच्या तीन फेऱ्या लालबागच्या आमच्या खोलीतच झाल्या, माळ्यावर लॅपटॉप घेऊन. चौथी, शेवटची, हापिसात. ती हुकली तर पोरगी बंगळूरला जाणार. मग इथे म्हातारा-म्हातारी दोघंच!

"मी येतो," म्हटलं.

"तुम्ही कशाला, आजोबा? घरात पाण्याचा तांब्यासुद्धा बसल्या जागी लागतो तुम्हाला!"

गेलो.

हापीस कुठे? ज्या कापड गिरणीत मी साचे, म्हणजे माग, चालवले, तिच्याच जागेवर. सगळी काच. मानसी आत गेली, मी बाहेर सोफ्यावर. शोभेला ठेवलेली गिरणीची जुनी, धुराची चिमणी दिसत होती. तिच्यावरून अंदाज बांधला. माझा साचा इथेच! अगदी या सोफ्याखाली.

गार हवा. कुठूनतरी बारीक संगीत. डोळे जड झाले. कापसाचे पुंजके हवेत तरंगू लागले, सावरीच्या म्हाताऱ्या उडतात तसे. साच्यांची धडधड तळपायातून वर आली. त्या गुंगीत वाटलं, काळ तोच आहे. आणि तेव्हा नोकरी कशी लागायची? कामगार भरणाऱ्या जॉबरचं तोंड गोड करून!

डोळे उघडले. समोर टायवाला माणूस, बूट चकाचक. हाच तो! तिळाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

"घ्या, साहेब."

"काका, मी तर..."

"आधी खा! आत गेलीय ती माझी नात. हुशार आहे. लक्ष असू द्या."

"अहो, पण..."

"तोंडात घास असताना बोलू नये."

बिचारा खात राहिला. लाडू कडक. ठसका लागला. पलीकडून टी-शर्टातला एक पोरगा चपला फटफटवत चालला होता.

"ए बाळा, साहेबांना पाणी आण! आणि हापिसात चपला? आमच्या गिरणीतल्या मास्तरने गेटाबाहेर काढला असता तुला."

त्याने मुकाट्याने पाणी आणलं. मलाही दिलं. दोन्ही हातांनी.

परत निघालो. करी रोडच्या पुलावर मानसीने तोंड उघडलं.

"आजोबा, काचेतून सगळं दिसत होतं. तो टायवाला माझ्यासारखाच इंटरव्ह्यूला आलेला."

"आणि चपलावाला?"

"त्यानेच माझा इंटरव्ह्यू घेतला."

मी कठडा धरला.

"काय म्हणाला?"

"बाहेर बसलेत ते कोण, म्हणाला. सांगितलं, माझे आजोबा."

"ओळख कशाला दिलीस गो!"

नोकरी लागली. पोरगी घरात राहिली.

गणपतीत तिच्या हापिसातली मंडळी दर्शनाला आली. दारात त्याच चपला. पोरगा मला बघून हसला.

"आजोबा, आज कुणाला पाणी आणू?"

मी उठलो. घरातली सगळी बघत राहिली. ग्लास विसळला, भरला, त्याच्यापुढे नेला. दोन्ही हातांनी.