अर्ध्या तासाचं मोजमाप

ही गोष्ट मी कालपर्यंत कुणालाही सांगितलेली नव्हती, बायकोला तर अजूनही नाही. घरगुती कॉफी मशीनच्या नियमातलं एक चांगलं कलम माझ्या एका खोट्या वाक्यामुळे गेलं.

होसकोटेजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत घरातली उपकरणं किती वीज खातात ते मोजतात. काही वर्षांपूर्वी नव्या नियमाचा मसुदा आला. कॉफी झाल्यावर मशीन ठरावीक वेळाने आपोआप बंद झालंच पाहिजे, असं एक कलम त्यात होतं. ते ठेवायचं की नाही हे आमच्या मोजमापावर ठरणार होतं. काम दोघांवर होतं: मी, आणि माझ्याहून वरिष्ठ असलेल्या एक बाई. त्यांना मी अक्का म्हणायचो.

पद्धत अशी होती की कॉफी करायची, अर्ध्या तासाने मशीन बंद करायचं आणि मीटर वाचायचा. पहिल्याच दिवशी अक्का हसल्या. "अर्ध्या तासात? ही पद्धत लिहिणाऱ्याच्या घरी कुणी येत-जात नाही वाटतं."

खरंच होतं ते. आमच्या जयनगरच्या गल्लीत सकाळी सहाला उतरलेलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, दुपारपर्यंत मशीनच्या तापत्या तबकडीवर बसलेलं असतं. दहाला शेजारी आले, अकराला आणखी कुणी, तर 'स्वल्प कॉफी', म्हणजे घोटभर तरी, घेतल्याशिवाय सुटका नाही. आणि गार झालेलं डिकॉक्शन पुन्हा तापवून देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं. म्हणून अक्कांनी मशीन दुपारपर्यंत चालू ठेवून वेगळं मोजमाप घेतलं. कॉफी करायला लागते त्याहून जास्त वीज ती नुसती गरम ठेवण्यात जात होती.

बैठकीत मशीन बनवणाऱ्यांचा माणूस म्हणाला, "एवढा वेळ कोण चालू ठेवतं हो?" बैठक चालवणाऱ्या आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या इथले. तुमच्या घरी काय करतात?"

"आम्ही लगेच बंद करतो, सर."

आदल्याच रविवारी अकरा वाजता अक्का आमच्याकडे त्याच मशीनची वाफाळती कॉफी पिऊन गेल्या होत्या. त्यांनी समोरची मोजमापाची वही मिटली. त्यांचं मोजमाप 'पद्धतीबाहेरचं' म्हणून बाजूला पडलं. अर्ध्या तासाच्या आकड्यात वाया जाणारी वीज दिसेना, तेव्हा सक्तीचं कलम ऐच्छिक झालं, म्हणजे गेलंच.

वीज वाचवायला सांगणाऱ्याच्याच घरी ही उधळपट्टी, ते कबूल करायची लाज वाटली, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. खरं कारण विभागप्रमुखाची जागा. ती साहेबांच्या हातात होती, आणि त्यांना मशीनवाल्यांना दुखवायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. जागा मला मिळाली. अक्कांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निघताना म्हणाल्या, "तुझ्याकडे आता कॉफीला कसं यायचं रे? मशीन लगेच बंद होतं म्हणे." मी हसलो. ते हसणं जास्त सलतं.

आता तो नियम पुन्हा विचारात आहे, लोकांकडून सूचना मागवल्या आहेत. गेला आठवडाभर मी घरच्या मशीनला मीटर लावून ठेवला.

"काय हो, आपल्याच घरात चोर पकडताय?" बायकोने विचारलं.

"हो," म्हणालो. तिला ती थट्टाच वाटली.

काल सूचना पाठवली, नाव आणि हुद्द्यासकट. मशीन दुपारपर्यंत चालू ठेवूनच मोजा. आपोआप बंद होणं सक्तीचं करा. काचेच्या भांड्याऐवजी थर्मासचं भांडं द्यायला लावा, म्हणजे पाहुण्याला गरम कॉफीही मिळेल आणि तबकडीही थंड राहील. शेवटी लिहिलं, की मागच्या बैठकीत मी खोटं बोललो आणि वगळलेलं मोजमाप बरोबर होतं. साहेब बोलावतील. बोलावू देत. आता शब्द मागे घेणार नाही.

अक्का हल्ली कोरमंगलात मुलीकडे असतात. तिथे मी अजून गेलेलो नाही. त्यांच्यासमोर उभं राहून त्यांची माफी मागणं माझ्याकडून बाकी आहे.